आईबाबांची पन्नाशी आणि मिरगाआधीचा पाऊस

मे महिन्याची सुट्टी म्हणजे आमच्याकडे गुहागर, दुसरं काही कधी नव्हतंच. लोक मनालीला जातात, आता तर व्हिएतनामला पण जायला लागलेत, आम्ही आपले ठाण्याहून मांडवी पकडून चिपळूण आणि तिथून एसटी. पण २०२५ ची सुट्टी जरा वेगळी होती, कारण २५ मेला आईबाबांच्या लग्नाला पन्नास वर्षं पूर्ण होणार होती आणि आम्ही तिघा भावंडांनी ठरवलेलं की कार्यक्रम गुहागरच्या घरीच करायचा, हॉल-बिल काही नको, खळ्यात मांडव घालायचा आणि सगळ्यांना बोलवायचं. त्याची ही हकीकत. लांबण लागणारे, आधीच सांगून ठेवते.

सगळ्यात आधी तारखेवरून वाद. आईबाबांचं लग्न २५ मे १९७५ चं आणि त्या दिवशी बुद्धपौर्णिमा होती. आता तिथीने धरायचं तर यंदा बुद्धपौर्णिमा १२ मेला, सोमवारी. काकाचं म्हणणं तिथीनेच करायला पाहिजे, तारीख कसली इंग्रजी. दादा म्हणाला काका, सोमवारी कोण येणारे, पुण्याच्या लोकांना रजा नाहीत. दोन आठवडे हा विषय चालला. मग ताईच्या मुलाने मोबाईलवर बघून सांगितलं की २५ मे १९७५ पण रविवार आणि २५ मे २०२५ पण रविवार, दोन्ही वर्षांचं कॅलेंडर वारासकट अगदी सेम टु सेम आहे, त्या वेळचं कालनिर्णय जपून ठेवलं असतं तर यंदा भिंतीवर लावता आलं असतं. हे ऐकल्यावर काका एकदम गप्प. म्हणाला हा योग आहे. मी मनात म्हटलं योग असो नाहीतर काही असो, वाद मिटला एकदाचा.

बाबांचा या तारखेवरचा जोक आम्ही लहानपणापासून ऐकत आलोय. २५ मेला लग्न झालं आणि बरोब्बर एक महिन्याने, २५ जूनला, आणीबाणी लागली. बाबा म्हणतात, "देशात लागली तेव्हा मला काही वेगळं वाटलंच नाही, मला सवय झालेली." आई यावर कधी हसत नाही. चिडतही नाही म्हणा. भाजी निवडत असते ती निवडत राहते.

तर व्हॉट्सअपवर ग्रुप निघाला, 'सुवर्णमहोत्सव कमिटी'. आईबाबा सोडून सगळे त्यात. तीन भावंडांत खर्चाची वाटणी झाली, दादाकडे मांडव आणि जेवण, ताईकडे आमंत्रणं आणि साड्या-बिड्या, माझ्याकडे राहायची सोय आणि गाद्या. मुलांनी स्वतःहून फोटोंचा व्हिडिओ करायचं अंगावर घेतलं, प्रोजेक्टर चिपळूणहून भाड्याने आणायचा ठरला. ४२ माणसांची यादी झाली. वहिनीने एकदाच विचारलं होतं ग्रुपवर, मला नीट आठवतंय, "पण आईंना विचारलंय का कुणी त्यांना काय हवंय ते?" त्यावर दादाने लिहिलं, सरप्राइज आहे ना अगं. आणि ताईने तीन हसरे चेहरे टाकले. मी पण टाकला एक. हा मुद्दा लक्षात ठेवा.

तिकिटांचं तर काय सांगायचं. पूर्वी चार महिने आधी बुकिंग उघडायचं, आता नोव्हेंबर २०२४ पासून ६० दिवसच केलंय. आम्हाला १७ मेला निघायचं होतं म्हणजे १८ मार्चला सकाळी आठला मी, नवरा आणि शेजारच्या काकूंचा मुलगा असे तीन मोबाईल घेऊन बसलो, डब्याची घाई, पोरीची शाळा आणि मध्येच ओटीपी. नवऱ्याचं पेमेंट अडकलं, माझं लॉगिन गेलं, शेजारच्या पोराला मिळाली चार कन्फर्म. त्याला कबूल केल्याप्रमाणे पेटीतले एक डझन आंबे दिलेत. बाकीच्यांची अर्धी तिकिटं वेटिंगवर होती, दादा तर सरळ गाडीनेच आला. कशेडीचा बोगदा झाल्यापासून तो घाट तरी वाचतो, बाकी महामार्गाबद्दल मी बोलत नाही, माझं बीपी वाढतं.

मध्ये सात ते दहा मे ते चार दिवस आले, सीमेवरचे. टीव्ही बंद करायची हिंमत होत नव्हती, ग्रुपवर कुणी मांडवाचं बोलेना, बरं दिसत नाही म्हणून. आत्याचा जावई सैन्यात आहे. दहा तारखेला युद्धबंदीची बातमी आली आणि रात्री साडेदहाला आत्याचाच मेसेज आला, जिलबी किती किलो सांगितलीय? तेव्हा हायसं वाटलं.

आम्ही १७ ला पोचलो तेव्हा गुहागर म्हणजे अगदी नेहमीचं मे महिन्यातलं. घाम, करवंदं, आगरात पडलेली नारळाची झावळं, विहिरीचं पाणी तळाला गेलेलं. खळ्यात एका बाजूला आमसुलं वाळत घातलेली, दुसऱ्या बाजूला ताटांमधून आंब्याची साठं, त्यावर जुन्या साडीचा पातळ कपडा. आईची आगोटीची कामं चालू होती, पावसाळ्याची बेगमी. ती दर वर्षी म्हणते, मिरगाआधी सगळं डब्यात गेलं पाहिजे. मिरग म्हणजे ७-८ जून, तोपर्यंत तीन आठवडे होते हातात. माझी मुलगी तीन दिवस समुद्रावरच होती, संध्याकाळी केसात वाळू घेऊन यायची आणि आई तिला न्हाणीघराबाहेर उभी करून तांब्याने पाणी ओतायची, जसं आमच्यावर ओतायची तसंच, तीच शिवी देत.

मंगळवारी, २० तारखेला, संध्याकाळी पहिला पाऊस आला. वळवाचा असेल म्हणून आम्ही खूश, मुलं नाचली. आईने मात्र आकाशाकडे बघितलं आणि साठं उचलायला लागली. बुधवारी परत. गुरुवारी दिवसभर. मोबाईलवर हवामान खात्याचे अलर्ट, समुद्रात कमी दाबाचा पट्टा वगैरे. मच्छीमारांची बंदी १ जूनपासून असते पण होड्या आधीच ओढून घेतलेल्या दिसत होत्या. दादा अजून मुंबईत बसून ग्रुपवर लिहीत होता, जाईल जाईल, रविवारपर्यंत उघडेल. मांडववाला शुक्रवारी दुपारी पाऊस थांबल्यावर आला आणि पाइप उभे करून, वर ताडपत्री, खाली गुलाबी-पांढरं कापड, झालरी, असं मस्त करून गेला. शुक्रवारी रात्री तो मांडव बघून मला खरंच भरून आलं, खोटं कशाला बोलू. फोटो काढून ग्रुपवर टाकला. त्या मांडवाचा तो एकच फोटो आहे.

शनिवार २४ मे. नंतर बातम्यांत कळलं की तो कमी दाबाचा पट्टा आणखी तीव्र होऊन रत्नागिरी आणि दापोलीच्या मधे कुठेतरी किनाऱ्यावर चढला. आता रत्नागिरी आणि दापोलीच्या मधे काय आहे, तर आम्ही आहोत. सकाळपासूनच माडांचे शेंडे एका बाजूला वाकून तसेच राहात होते, सरळ होतच नव्हते. अकराच्या सुमारास लाईट गेली. मग ताडपत्रीचा फटाफट फटाफट आवाज यायला लागला, बाबा ओटीवरून ओरडले सगळी आत या, आणि कापड एका कोपऱ्यातून सुटलं, शिडासारखं फुगलं आणि दोन पाइप घेऊन गेलं ते शेजाऱ्यांच्या पोफळींवर जाऊन पडलं. दहा सेकंदात संपलं सगळं. कुणाला लागलं नाही हे नशीब. खळ्यात चिखल, त्यात झालरी, आणि आमसुलांचं एक परात राहून गेलेलं, त्याचं लाल पाणी वाहात चाललेलं. माझी मुलगी म्हणाली, आजी, मांडवाला लागलं का?

४२ पैकी आले २३. पुण्याची गाडी निघालीच नाही, काही लोक चिपळूणपर्यंत येऊन परत गेले, आत्या मात्र एसटीने आली, वय ७८, अर्धी भिजलेली, आणि आल्या आल्या पहिलं वाक्य काय तर "मला फुकट आहे, पण कंडक्टरने आधारकार्ड बघितलंन." पंच्याहत्तरच्या पुढच्यांना एसटी फुकट झाल्यापासून आत्या कुठे कुठे जाऊन येते ते ती स्वतःही विसरते.

प्रोजेक्टर गेला बाराच्या भावात. मोबाईलची रेंज पण गेली. मुलांनी महिनाभर खपून केलेला व्हिडिओ शेवटी लॅपटॉपवर, पंधरा टक्के बॅटरीत, ओटीवर सगळ्यांनी डोकी एकत्र करून बघितला आणि १९८९ पर्यंत आल्यावर लॅपटॉप बंद पडला. म्हणजे माझ्या जन्मानंतर दोन वर्षं. पुढचं कुणी बघितलंच नाही. सगळ्यात जास्त वेळ गेला तो लग्नाच्या फोटोंवर, ते सहाच आहेत, काळेपांढरे, त्यातल्या एकात आईचं तोंडच दिसत नाही, मुंडावळ्या आणि खाली घातलेली मान. आत्या बोट ठेवून ठेवून सांगत होती हा कोण, तो कोण, आणि त्यातले बहुतेक गेलेले.

जेवणाचं असं की आचारी मात्र आला बिचारा, रविवारी पहाटे, मोटारसायकलवर, मागे भलं मोठं पातेलं बांधून. गोठ्यात आता गुरं नाहीत, तिथे त्याने गॅस लावला. मदतीची दोन माणसं येऊ शकली नाहीत, मग जिलबी रद्द, अळूची भाजी रद्द. गोडाचं काय यावर तासभर चर्चा. मी इथे कबूल करते की तोपर्यंत मी, ताई आणि दादा आमच्या आमच्यात धुसफुसत होतो, कुणी मांडवाचा विमा-बिमा असं काहीतरी बोललं त्यावरून भांडण झालं, काय बोललो कुणास ठाऊक. आणि त्या सगळ्या गोंधळात आई चार वाजता उठून तेवीस माणसांचा चहा करत होती. स्वतःच्या लग्नाच्या वाढदिवसाला. वहिनी साडेचारला उठून स्वयंपाकघरात गेली तर आईने दुधाचं पातेलं उतरवून पोह्याचा कांदा चिरायला घेतला होता. वहिनीने तिच्या हातातली विळी काढून घेतली आणि बाहेर येऊन आम्हा तिघांना झोपेतून उठवलं, आणि हळू आवाजात, पण असं बोलली की दादा उठून सरळ कांदे चिरायला बसला. मी ते इथे लिहीत नाही. फक्त शेवटचं सांगते, "मार्चमध्ये विचारलं होतं मी."

गोडाचा प्रश्न पण आईनेच सोडवला. वाऱ्याने परसातल्या रायवळाच्या झाडाखाली सडा पडला होता, म्हणाली, हे काय कुजू द्यायचेत का? मग मुलांची फौज टोपल्या घेऊन गेली, जे पिकलेले ते रसाला, कैऱ्या पन्ह्याला. मसालेभात, बटाट्याची भाजी, आठळ्या घातलेली फणसाची भाजी, कोशिंबीर आणि रायवळाचा रस. हापूसचा रस सगळे खातात हो, पण रायवळाच्या रसाला जी थोडी आंबट चव आणि दातात अडकणारे धागे असतात ना, ते मी कितीतरी वर्षांनी खाल्लं. काका चार वाट्या प्याला आणि नंतर पोट धरून झोपला.

दुपारी ओवाळायचं होतं, पन्नास दिव्यांनी. कणकेचे दिवे ताईने आदल्या रात्रीच करून ठेवले होते. ओटीवर पाट मांडले, रांगोळी काढली, आई लग्नाचा शालू नेसून आली. शालू घडीवर विरला होता, पिना लावल्या. दिवे लावायला घेतले तर बारा लागायचे आणि वाऱ्याने सात विझायचे. असं पाच-सहा वेळा झालं. बाबा म्हणाले, "आता पन्नासाव्याला बसलोय, एक्कावन्नावं लागेल इथेच." मग सगळं उचलून माजघरात नेलं. आमच्या माजघराला खिडकी नाही, दार लावलं की दिवसा पण काळोख, आणि लाईट गेलेली. पन्नास दिवे लागले. आत तेवीस माणसं, धूर, घाम, कुणाचं तरी बाळ रडत होतं, ताईची ओढणी जळता जळता वाचली, असं काही फार पवित्र-बिवित्र वातावरण नव्हतं. उखाणा घे, उखाणा घे, झालं. आई म्हणाली, नवीन येत नाही, जुनाच घेते, आणि घेतला. बाबांनी घेतला नाही, त्यांना येतच नाही, पन्नास वर्षांपूर्वी पण आला नव्हता म्हणे.

सगळे बाहेर पडल्यावर मी ताट उचलायला आत राहिले. आई पाटावरच बसून होती, अर्धे दिवे अजून चालू. म्हणाली, "आमच्या चंडिकेच्या देवळात बसल्यासारखं वाटलं बघ."

आईचं माहेर दाभोळ. गुहागरहून तसं काहीच लांब नाही, धोपाव्याला जायचं, खाडी ओलांडली की दाभोळ. तिथे चंडिकेचं देऊळ गुहेत आहे, वाकून आत जायचं, आत लाईट नाही, नुसत्या तेलाच्या समया. मी लहान असताना गेलेय, घाबरले होते. मी विचारलं, किती वर्षं झाली तुला जाऊन? तर तिने बोटांवर मोजलं. मामा गेल्यापासून, अकरा वर्षं. घर विकलं ना ते, मग कुणाकडे जायचं. मग म्हणाली, "मला वाटलं होतं या वेळी सगळे गाड्या घेऊन आलायत तर कुणीतरी नेईल. पण तुमचं ते मांडवाचं चाललेलं."

बास. एवढंच बोलली आणि दिवे फुंकत बसली. मी ते गरम ताट हातात घेऊन कितीतरी वेळ तशीच उभी. चार महिने आम्ही ४२ माणसांची यादी करत होतो आणि आईला हवं होतं फेरीबोटीचं एक तिकीट.

रविवार-सोमवार तर शक्यच नव्हतं. पाऊस थांबायचं नाव घेईना, सव्वीसला तर पाऊस अधिकृतपणे मुंबईतच पोचला, नेहमीपेक्षा सोळा दिवस आधी, म्हणजे आमच्या मांडवावर जो पडला तो वळवाचा नव्हता तर जवळजवळ मिरगाचाच होता, पत्ता चुकून आधी आलेला. पाहुणे एकेक करून गेले. दादाची रजा संपत होती, त्याने फोन करून चार दिवस वाढवली, हे मी त्याच्याबद्दल मुद्दाम लिहितेय कारण आधी त्याच्याबद्दल बरंच वाईट लिहिलंय.

गुरुवारी सकाळी थोडी उघडीप होती. मी, दादा, आईबाबा, एवढेच निघालो, वहिनी म्हणाली मी मागे थांबते, पोरांना बघते, गर्दी नको. धोपाव्याच्या जेट्टीवर फेरीबोट उभीच होती. ही गाड्या नेणारी फेरी २००३ पासूनची, त्याच्या आधी होडीनेच जायचे लोक. आई म्हणाली वऱ्हाड होडीनेच आलं होतं, दोन होड्या, एकीत माणसं आणि एकीत भांडी आणि वाजंत्री, आणि ताशेवाल्याला खाडी लागली म्हणजे उलट्या झाल्या, मग वाजवायलाच कुणी नाही. हे आम्ही कधीच ऐकलं नव्हतं. बाबांनी पण नव्हतं ऐकलं! ते म्हणाले, "म्हणून उशिरा वाजायला लागलं होय, मला वाटलं पैसे कमी ठरले म्हणून अडून बसलेत." पन्नास वर्षं त्या माणसाबद्दल गैरसमज धरून बसलेले.

दाभोळला आईने आधी घर बघितलं, बाहेरूनच. नव्या लोकांनी कौलं काढून पत्रे घातलेत, पिवळा रंग दिलाय. ती काही बोलली नाही, फक्त विहीर अजून आहे का ते वाकून बघितलं. आहे. मग देवळात. वाकून आत जाताना तिचे गुडघे दुखत होते, दादाने मागून धरलं. आत तसंच, तेलाचा वास, समया, ओली थंड जमीन. तिने खण-नारळ घरूनच आणला होता, म्हणजे सकाळी निघायचं ठरायच्या आधीच पिशवीत भरलेला होता, कधी भरला होता कुणास ठाऊक.

परत येताना फेरीवर परत पाऊस सुरू झाला. बाबा गाडीतच बसले होते. आई उतरून कठड्याशी उभी, दाभोळकडे तोंड करून. लग्नाच्या वेळी होडीत तिच्या काकूने सांगितलं होतं म्हणे, मागे वळून बघायचं नाही, अपशकुन असतो. बाबांनी काच खाली करून हाक मारली, "अगं भिजशील, आत ये."

"पोचेपर्यंत बघू दे हो," ती म्हणाली.

बाबांनी काच वर केली. मग दोन मिनिटांनी दार उघडून छत्री घेऊन ते पण बाहेर आले, छत्री उलटी झाली, ती त्यांना सरळ करता येईना, आणि दोघं तशीच भिजत उभी राहिली. दादा फोटो काढायला लागला तर मी त्याचा हात धरला. पण त्याने काढलाच.